विश्लेषण : भट्टीतील स्लॅग, वीज केंद्रांची राख रस्त्यात वापरणे कितपत फायद्याचे?

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यात सुमारे एक किलोमीटरचा चौपदरी तुकडा असा आहे, की त्यात डोंगर फोडून आणलेल्या खडीऐवजी पोलाद कारखान्याच्या भट्टीतून निघालेला स्लॅग वापरला आहे. जानेवारी २०२४ मध्ये निती आयोगाचे सदस्य डॉ. व्ही. के. सारस्वत यांच्या हस्ते या तुकड्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील डोलवी येथील जेएसडब्ल्यू स्टीलच्या प्रकल्पातून सुमारे ८० हजार टन स्लॅग आणण्यात आला. दुसरीकडे, विदर्भातील औष्णिक वीज केंद्रांची राख महामार्गांच्या भरावात जावी, असा सरकारचा आग्रह आहे. कारखान्यांना नकोसा झालेला माल रस्त्याला हवा असेल, तर दोघांचीही सोय होते. पण तो नेमका कोणत्या अटींवर वापरायचा आणि त्या अटी पाळल्या जातात का, हे कोण पाहणार, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

रस्त्यासाठी पर्यायी साहित्याची गरज का?

रस्ता वरून डांबराचा किंवा काँक्रीटचा दिसतो. प्रत्यक्षात त्याचे बहुतांश वजन खाली असते. सर्वांत खाली मातीचा किंवा मुरुमाचा भराव, त्यावर जाड खडीचे थर, त्यावर बारीक खडी आणि शेवटी डांबर किंवा सिमेंट. चौपदरी महामार्गाच्या एका किलोमीटरला हजारो ट्रक खडी आणि मुरूम लागतो. २०२३-२४ या एका वर्षात देशात १२ हजार ३४९ किलोमीटर राष्ट्रीय महामार्गांचे काम झाले. जिल्हा मार्ग, गावरस्ते, रेल्वे आणि इमारतींची मागणी याहून वेगळी.

ही खडी दगडखाणी आणि क्रशरमधून येते. महाराष्ट्रात काळा बेसाल्ट मुबलक असल्याने तिची टंचाई सहसा जाणवत नाही. किंमत मात्र मोजावी लागते. खाणीलगतच्या गावांतील सुरुंगांचे हादरे, पिकांवर बसणारी धूळ, कापले गेलेले डोंगर आणि मुरमासाठी उकरलेली गायराने हे तिचे काही हप्ते आहेत. त्याच वेळी कारखान्यांच्या आवारात राखेचे आणि स्लॅगचे डोंगर वाढत असतात. एक डोंगर फोडायचा आणि दुसरा रचायचा, या उलट्या व्यवहारातून पर्यायी साहित्याची कल्पना पुढे आली.

कल्पना नवी आहे का?

नाही. ब्रिटनमधील नॉटिंगहॅमशायरचे सर्वेक्षक एडगर पर्नेल हूली यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डर्बीशायरमधील एका लोखंड कारखान्याजवळ धूळ नसलेला, घट्ट बसलेला रस्त्याचा एक पट्टा दिसला. तिथे टारचे पिंप फुटले होते आणि सांडलेले टार झाकण्यासाठी कोणी तरी भट्टीतील स्लॅग टाकला होता. हूली यांनी ही प्रक्रिया नीट बसवली आणि १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले. ‘टारमॅक’ हा शब्द तिथून आला. म्हणजे आज ज्याला पर्यायी साहित्य म्हटले जाते, ते आधुनिक रस्त्याच्या जन्मापासून त्याच्या सोबत आहे.

भारतात राखेचा रस्त्यातील वापर नव्वदच्या दशकात दिल्लीतील उड्डाणपूल आणि यमुनेवरील पुलांच्या पोहोचरस्त्यांपासून सुरू झाला. त्या अनुभवावरून इंडियन रोड्स काँग्रेसने २००१ मध्ये रस्त्यांच्या भरावातील फ्लाय अ‍ॅशसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. पुढे मे २०१८ मध्ये खुल्या झालेल्या १३५ किलोमीटरच्या ईस्टर्न पेरिफेरल एक्स्प्रेस-वेमध्ये सुमारे १.२ कोटी घनमीटर फ्लाय अ‍ॅश वापरण्यात आली.

स्लॅग म्हणजे नेमके काय?

लोखंड आणि पोलाद तयार करताना अशुद्धी बाहेर काढण्यासाठी भट्टीत चुनखडी किंवा चुना टाकतात. चुना अशुद्धी धरून ठेवतो आणि वितळलेल्या धातूवर तरंगतो. तो वेगळा काढून थंड केला की दगडासारखा पदार्थ उरतो. हाच स्लॅग. मात्र सर्व स्लॅग एकसारखा नसतो आणि नेमक्या याच मुद्द्यावर सर्वाधिक गोंधळ होतो.

झोत भट्टीतून, म्हणजे ब्लास्ट फर्नेसमधून निघणारा स्लॅग पाण्याच्या माऱ्याने झटकन थंड केला तर काचेसारखा दाणेदार होतो. तो दळून सिमेंटमध्ये मिसळता येतो. त्याला बाजारात मागणी आहे. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या टप्प्यात, लोखंडाचे पोलाद करताना निघणाऱ्या स्टील स्लॅगचा. त्यात लोह अधिक असते आणि न विरलेला चुना शिल्लक राहतो. त्यामुळे सिमेंट कारखाने तो सहसा घेत नाहीत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशात वर्षाला सुमारे १.९ कोटी टन स्टील स्लॅग तयार होतो. एक टन पोलादामागे सुमारे २०० किलो, असे हे प्रमाण आहे. पोलाद उत्पादन वाढेल तसा २०३० पर्यंत हा आकडा सहा कोटी टनांवर जाण्याचा अंदाज आहे.

सुरतच्या प्रयोगात काय घडले?

पोलाद मंत्रालयाने हा प्रश्न केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेकडे, म्हणजे सीआरआरआयकडे सोपवला. पोलाद कंपन्याही या संशोधनात सहभागी झाल्या. त्यातून गुजरातमधील सुरतजवळच्या हजिरा औद्योगिक वसाहतीत सहापदरी रस्ता तयार झाला आणि जून २०२२ मध्ये तत्कालीन पोलादमंत्री आर. सी. पी. सिंह यांनी त्याचे उद्घाटन केले. आर्सेलरमित्तल निप्पॉन स्टीलच्या हजिरा प्रकल्पातील सुमारे एक लाख टन प्रक्रिया केलेला स्लॅग त्यात वापरला गेला. रस्त्याच्या सर्व थरांत नैसर्गिक खडीऐवजी स्लॅगच होता. नेहमीच्या रस्त्यापेक्षा त्याची जाडी सुमारे ३० टक्के कमी ठेवण्यात आली. बंदर आणि कारखान्यांमुळे या रस्त्यावर रोज हजाराच्या आसपास अवजड ट्रक धावतात. म्हणजे चाचणीसाठी सोपी जागा निवडली नव्हती.

जाडी कमी ठेवता येते, कारण स्लॅगचे तुकडे टणक, कोनदार आणि खडबडीत असतात. ते एकमेकांत घट्ट अडकतात. चाकाचा दाब अधिक चांगला पसरतो आणि वरच्या थरात वापरल्यास टायरला पकडही चांगली मिळते. यानंतर अरुणाचल प्रदेशात सीमा रस्ते संघटनेच्या कामासाठी जमशेदपूरहून स्लॅग पाठवण्यात आला आणि २०२४ मध्ये मुंबई-गोवा महामार्गाचा तुकडा झाला. कडक उन्हाचा आणि जड वाहतुकीचा सुरत, अतिपावसाचा अरुणाचल आणि वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणारे कोकण, अशा वेगवेगळ्या हवामानांत हे साहित्य आता तपासले जात आहे.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण चुन्याची. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो उकळतो, फुगतो आणि त्याची भुकटी होते, हे घरे चुन्याने रंगवली जात तेव्हा प्रत्येकाने पाहिलेले असे. या क्रियेत चुन्याचे आकारमान जवळपास दुप्पट होते. स्टील स्लॅगमध्ये अडकून राहिलेला चुना हेच करतो. फरक इतकाच, की तो रस्त्याखाली, पावसाचे पाणी झिरपेल तसतसा, महिनोन्‌महिने फुगत राहतो. परिणामी रस्ता वर उचलला जातो, भेगा पडतात, काँक्रीटचे पृष्ठ फुटते. मॅग्नेशियमची संयुगे तर आणखी सावकाश फुगतात. त्यामुळे दोष उघड व्हायला काही वर्षेही लागू शकतात.

यावर उपाय आहेत. स्लॅग फोडून, चुंबकाने त्यातील धातू काढून घेऊन, तो ओला ठेवत उघड्यावर काही महिने मुरू द्यायचा, म्हणजे त्यातील चुना रस्त्यात जाण्यापूर्वीच फुगून शांत होतो. वाफेचा वापर केल्यास हा काळ कमी करता येतो. त्यानंतर प्रत्येक खेपेची फुगवणचाचणी घ्यावी लागते. सुरत आणि पनवेल-इंदापूर टप्प्यात वापरला गेला तो अशी प्रक्रिया केलेला स्लॅग होता. कारखान्याच्या ढिगावरून थेट ट्रकमध्ये भरलेला स्लॅग आणि हा स्लॅग दिसायला सारखेच असतात. गुणधर्मात मात्र दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

शिवाय एका कारखान्याचे निष्कर्ष दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. डोलवीतील भट्टीची पद्धत वेगळी आणि जालन्यातील इंडक्शन भट्ट्यांची वेगळी. भंगार वितळवणाऱ्या भट्टीचा स्लॅग त्या दिवशीच्या भंगारानुसारही बदलू शकतो. कोल्हापूरच्या फाऊंड्रींमधून निघणारी वापरलेली वाळूही भरावासाठी उपयोगी ठरू शकते. पण तिच्यातील रासायनिक बंधकांची तपासणी करावीच लागते.

राखेचे गणित वेगळे कसे?

राखेत फुगवण्याचा प्रश्न नाही, प्रश्न प्रमाणाचा आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण खूप जास्त असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार १९९६-९७ मध्ये देशात ६.८९ कोटी टन राख तयार झाली आणि तिचा जेमतेम ९.६ टक्के वापर झाला. २०२१-२२ मध्ये राख २७.०८ कोटी टनांवर गेली आणि वापर ९५.९ टक्क्यांवर पोहोचला. हा बदल आपोआप झाला नाही, नियमांच्या रेट्याने झाला. सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीज केंद्राच्या ५० किलोमीटर परिघात राखेचा वापर बंधनकारक केला. पुढे हा परीघ वाढत २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाला. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने १०० टक्के वापराची जबाबदारी वीज केंद्रांवर टाकली आणि न वापरलेल्या राखेसाठी टनामागे एक हजार रुपये पर्यावरण भरपाई ठरवली. रस्त्याच्या कामांसाठी राख जागेवर मोफत पोहोचवायची आणि वाहतुकीचा खर्च वीज केंद्राने उचलायचा, असे ही अधिसूचना सांगते. महाराष्ट्राने २०१६ मध्येच राख वापराचे स्वतंत्र धोरण स्वीकारले होते.

राख मातीपेक्षा हलकी असते. त्यामुळे पुलांच्या उंच पोहोचरस्त्यांखालील मऊ जमिनीवर कमी भार येतो. ओलावा योग्य ठेवून रोलर फिरवला तर ती चांगली दबते. मात्र ती उघडी राहिली की वाऱ्याने उडते आणि पावसाने वाहून जाते. म्हणून राखेचा गाभा, दोन्ही बाजूंना मातीचे जाड आच्छादन, अधूनमधून मातीचे थर, वर झाकण आणि पाण्याचा निचरा अशी रचना करतात. भूजलाची पातळी भरावाच्या तळापासून पुरेशी खाली असणेही आवश्यक असते. राखेत अल्प प्रमाणात आर्सेनिक, क्रोमियम, सेलेनियमसारखी मूलद्रव्ये असतात आणि पाणी सतत झिरपत राहिले तर ती विरघळून बाहेर पडू शकतात.

राख न वापरण्याची किंमतही छोटी नाही. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरातील शेते, नाले आणि नदीपर्यंत गेले. तलावात साचलेली राख हा कायमचा धोका असतो. नीट बांधलेल्या भरावात ती अधिक सुरक्षित राहते. कळीचा शब्द ‘नीट बांधलेल्या’ हाच आहे.

वापर आणि विल्हेवाट यांच्यातील सीमारेषा कोणती?

राखेच्या ‘वापरा’च्या आकड्यात सिमेंट, विटा आणि रस्त्यांबरोबरच सखल जमिनींचा भराव आणि रिकाम्या खाणी भरणेही मोजले जाते. सिमेंटमध्ये गेलेली राख बांधली जाते. एखाद्या खड्ड्यात ओतलेल्या राखेचे तसे नसते. तरीही कागदावर दोन्हींना सारखेच गुण मिळतात. भरपाई टाळण्याचा दबाव एका बाजूला आणि स्वस्त भराव मिळवण्याची घाई दुसऱ्या बाजूला असली, तर रस्त्याच्या नावाखाली उघड्यावर राख टाकली जाण्याची भीती राहते.

धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत फ्लाय अ‍ॅश, फॉस्फोजिप्सम, रेड मड आणि धातूभट्ट्यांचा स्लॅग यांना ‘प्रमाण जास्त, परिणाम कमी’ अशा गटात ठेवून धोकादायक कचऱ्याच्या व्याख्येतून वगळले आहे. त्यामुळे त्यांचा पुनर्वापर सोपा झाला. मात्र ‘परिणाम कमी’ म्हणजे ‘परिणाम नाही’ असे नव्हे. तमिळनाडूतील तुतुकुडी येथे तांब्याच्या स्लॅगचा भराव नदीपात्रालगत टाकल्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला होता. तांब्याचा स्लॅग रस्त्यात वापरता येतो, हे तांत्रिकदृष्ट्या मान्य आहे. तिथला वाद तो कुठे आणि कसा टाकला, याविषयी होता.

नेदरलँड्सचे उदाहरणही बोलके आहे. तिथे स्टील स्लॅग अनेक वर्षे रस्ते आणि बांधांच्या भरावात वापरला गेला. स्लॅगमधून झिरपणारे पाणी चुन्यामुळे अत्यंत अल्कधर्मी होते. आसपासच्या पाण्याचा सामू वाढल्याच्या तक्रारी आल्या. तेथील सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये पर्यावरण आणि आरोग्यावरील संभाव्य परिणामांकडे लक्ष वेधले. २०२५ मध्ये सरकारने जाड थरांत आणि माणसांचा थेट संपर्क येईल अशा ठिकाणी वापरण्यावर तात्पुरते निर्बंध घातले. डांबराखाली झाकलेला, पाणी न झिरपणारा थर आणि उघड्यावर ओतलेला जाड भराव यांत किती अंतर आहे, हे यातून स्पष्ट होते.

स्लॅग खडीची जागा पूर्णपणे घेऊ शकेल?

हिशेब मांडला तर उत्तर नकारार्थी येते. पनवेल-इंदापूर टप्प्यात किलोमीटरला ८० हजार टन आणि हजिऱ्यात सुमारे एक लाख टन स्लॅग लागला. या प्रमाणाने देशातील वर्षभराचा सर्व १.९ कोटी टन स्लॅग रस्त्यांत घातला, तरी तो साधारण दोनशे ते अडीचशे किलोमीटरलाच पुरेल. सहा कोटी टन झाला तरी सहाशे ते साडेसातशे किलोमीटर. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर महामार्ग बांधणाऱ्या देशात हा वाटा छोटा आहे.

दुसरे म्हणजे वजन. स्लॅगमध्ये लोह असल्याने तो बेसाल्टच्या खडीपेक्षा साधारण १५ ते २५ टक्के जड असतो. ट्रकची मर्यादा टनांत असते, रस्त्याची गरज मात्र घनमीटरमध्ये. म्हणजे तेवढीच जागा भरायला जास्त फेऱ्या लागतात. थराची जाडी कमी ठेवता आली तर हा तोटा काही अंशी भरून निघतो. तरीही लांबच्या कामासाठी वाहतूकच फायदा खाऊन टाकते. दर दहा-वीस किलोमीटरवर चांगल्या दगडाची खाण असलेल्या महाराष्ट्रात पेण-वडखळच्या परिसरात डोलवीचा स्लॅग परवडेल, लातूरला नेऊन परवडणार नाही. गंगेच्या खोऱ्यासारख्या, दगड शेकडो किलोमीटरवरून आणावा लागणाऱ्या भागात गणित वेगळे असेल. थोडक्यात, हा देशव्यापी पर्याय नसून कारखान्यांच्या भोवतालचा स्थानिक पर्याय आहे. पण कारखान्याचा ढीग आणि दगडखाणीची धूळ या दोन्हींचा त्रास त्याच परिसरातील गावांना होत असल्याने, तिथे त्याचे मोल मोठे आहे.

पुढे काय व्हायला हवे?

प्रयोगासाठी बांधलेला रस्ता आणि नेहमीच्या निविदेतून झालेला रस्ता यांत फरक असतो. प्रयोगात संशोधक जागेवर उभे असतात, प्रत्येक खेप तपासली जाते. नेहमीच्या कामात कंत्राटदाराला वेळ आणि पैसा वाचवायचा असतो. अभियंत्याला दरसूचीत नसलेले साहित्य वापरून चौकशी ओढवून घ्यायची नसते. कारखान्याला ढीग हलवायचा असतो. तिघांच्याही सोयीचा मार्ग म्हणजे एक तर हे साहित्य टाळायचे, नाही तर न तपासता टाकून मोकळे व्हायचे.

हे टाळायचे तर काही गोष्टी कागदावर यायला हव्यात. प्रक्रिया केलेल्या स्लॅगचा स्वतंत्र दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत असला पाहिजे. प्रत्येक खेपेसोबत ती कोणत्या भट्टीतून आली, किती दिवस मुरली आणि फुगवणचाचणीत काय आढळले, याचा दाखला हवा. राखेच्या भरावाच्या जागी भूजलाची पातळी आणि जवळच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी कामाआधी आणि कामानंतरही व्हायला हवी. चुन्याचे दोष उशिरा दिसतात, म्हणून अशा रस्त्यांचा दोषदायित्व कालावधी त्याच हिशेबाने ठरवावा लागेल. रस्ता फुगला तर जबाबदारी कंत्राटदाराची, की साहित्य पुरवणाऱ्या कारखान्याची, हेही करारातच स्पष्ट असले पाहिजे.

साहित्य उपयोगी आहे, हे हजिऱ्याने आणि त्याआधी दिल्लीच्या भरावांनी दाखवून दिले आहे. आता कसोटी प्रयोगशाळेची नाही, देखरेखीची आहे. तीच राख आणि तोच स्लॅग तपासून, झाकून, दाबून बसवला तर रस्ता होतो. नाही तर कारखान्याच्या आवारातला ढीग फक्त गावाच्या शिवारात हलवला जातो.